सव्वा फेऱ्याचा जिना

दारव्ह्याच्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं गणित शिकवतेय आणि एकोणीस वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातोय: याचा उपयोग काय? विद्यार्थ्यांनी विचारला तर मी त्यांना गप्प बसवते, तेवढा अधिकार मला आहे. घरी हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उपयोग नाही हे तिथे कधीचंच ठरून गेलंय. सून काय करते, असं कोणी विचारलं की सासूबाई म्हणतात, "कॉलेजात जाते." तिथे जाऊन मी काय करते, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. गल्लीतली एक सून शिवणकाम करते, तिच्याबद्दल मात्र त्या ब्लाउजच्या बाहीपर्यंत बोलतात.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. त्याआधी त्या दिवसातून तीनदा लोखंडी शिडीने स्लॅबवर जायच्या. आमच्याकडे गच्चीला स्लॅबच म्हणतात. उन्हाळ्यात तिथे मूगवड्या, कुरडया, ज्वारीचे पापड. आणि बारा महिने शेजारीण. दोन घरांमधली गल्ली इतकी चिंचोळी की दोघी आपापल्या स्लॅबच्या कडेला उभ्या राहिल्या की एकीच्या हातातली वडी दुसरीच्या हातात जाते. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, आणि गप्पा तेव्हापासून चालू. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी शिडी बंद केली. दोन घरांची दारं वेगवेगळ्या रस्त्यांना, आणि तो वळसा दोघींनाही झेपेना, म्हणून त्या फोनवर बोलू लागल्या. पण एकीचा आवाज दुसरीला फोनच्या आधी भिंतीवरून ऐकू यायचा, त्यामुळे बोलणं सारखं अडखळायचं आणि निम्मा वेळ "तूच बोल आधी" यातच जायचा. शेवटी तेही कमी झालं. सासूबाई चिडचिड करू लागल्या. वड्या अंगणात बाजेवर घातल्या तर कोंबड्या, पडवीत घातल्या तर ऊन नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आता मी अशीच खालून वर पाह्यत राहू काय?" हे त्या कोणाला म्हणाल्या नव्हत्या, पण खोलीत मीच होते. मला ते फार लागलं.

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. कठडा असलेला जिना चालेल, हळूहळू चढू द्या, म्हणाले. घरामागे जागा सहा फूट बाय सहा फूट. तेवढ्यात सरळ जिना बसणार कसा? माझ्या नवऱ्याचं बियाण्या-खताचं दुकान आहे आणि कोणत्याही अडचणीवर त्याच्याकडे दोन मिनिटांत उपाय असतो. "गोल जिना लावू," तो म्हणाला, "मधात खांब अन् भोवताली पायऱ्या. वेल्डरले सांगतो."

गोल जिना. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. गोल फिरत वर चढणारी रेषा म्हणजे माझा विषय. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हीच रेषा शिकवते आणि ती दरवर्षी खिडकीबाहेर बघत बसतात. "वेल्डरला काही सांगू नकोस," मी म्हणाले, "जिना मी काढून देते."

"तू?" नवरा म्हणाला. त्या एका शब्दात त्याने आमच्या संसाराचा सगळा इतिहास घातला होता.

वर्गात दाखवायला म्हणून लॅपटॉपवर आलेख काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर मी घेतलेलं आहे. त्यात काम सोपं असतं. एका ठिपक्याला कुठे जायचं ते सांगायचं. डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती आणि वर किती, अशी तीन समीकरणं लिहायची. तिन्ही समीकरणं एकाच आकड्यावर चालतात. त्या आकड्याला आम्ही टी म्हणतो. टी वाढत जातो तसा ठिपका गोल गोल फिरत वर चढतो आणि मागे रेषा सोडत जातो. पहिल्या समीकरणात कोसाइन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात नुसती उंची. जिन्याची रुंदी पाच फूट, उंची दहा फूट, पंधरा पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीस अंश. म्हणजे एकूण चारशे पन्नास अंश. मी मोठ्या दिमाखात टीला शून्य ते चारशे पन्नास अशी मर्यादा दिली आणि सगळ्यांना बघायला बोलावलं.

पडद्यावर जे उमटलं त्याला सत्तरएक वेढे होते.

"ही तं बोअरच्या मोटारीची कॉइल हाये," नवरा म्हणाला.

सॉफ्टवेअर अंशांत मोजत नाही, रेडियनमध्ये मोजतं. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते, त्याच्याखाली दोन रेघा मारते आणि जो विसरेल त्याचे दोन गुण कापते. मी आकडा बदलला, कॉइल गेली आणि तिथे एक छान, डौलदार वेढा उभा राहिला, पूर्ण एक फेरा आणि वर पाव.

सासूबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. "याच्यात पायऱ्या कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"आई, हा कठडा आहे. पायऱ्या काढते."

"मंग आधी पायऱ्या काढ ना. मी काय कठड्यावरून जाऊ?"

मी पंधरा पायऱ्या काढल्या. मग त्यांनी स्वतः पडद्याला बोट लावलं, आणि लॅपटॉप टचस्क्रीनचा असल्यामुळे अख्खा जिना गरकन फिरून आडवा झाला. त्यांनी चटकन हात मागे घेतला. "पडला ना वं," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पण संध्याकाळी शेजारणीला फोनवर जिन्याचं सांगताना मी ऐकलं. आवाजात दोन वर्षांनी धार होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, या बाईला वर पोचवायचंच, आणि माझ्याच गणिताने.

वेल्डरचं दुकान आर्णी रोडवर आहे. वेल्डर माझा जुना विद्यार्थी, जवळच्या तांड्यातला. आता त्याला भरघोस मिशा आहेत आणि दोन पोरं आहेत, पण मला पाहिलं की तो अजूनही हात मागे बांधतो. अकरावीला मी त्याला गणितात नापास केलं होतं. तो माझ्यावर राग धरत नाही. उलट लोकांना सांगतो, मॅडमनं नापास केलं म्हणून तं धंद्याले लागलो. हे तो कौतुकाने सांगतो की कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी लॅपटॉप त्याच्या लोखंडी टेबलावर ठेवला. तो आणि त्याचा भाऊ काळे चष्मे कपाळावर सरकवून बघू लागले. मी सांगितलं की कठड्याच्या पाइपची लांबी मी काढली आहे, बावीस पूर्णांक शून्य तीन फूट. त्यासाठी दोन पानांची आकडेमोड लागली होती. वेल्डरने मान हलवली, एक दोरी घेतली, कोपऱ्यातल्या खांबाभोवती अडीच फूट अंतर ठेवून हवेतच फिरवत वर नेली आणि ती जमिनीवर टाकून टेप लावला. "बावीसच येते मॅडम," तो म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मग दोघे भाऊ पडद्याकडे बोट दाखवत त्यांच्या बंजारा गोरबोलीत बराच वेळ बोलले. माझं कौतुक चाललं असावं, असं मी धरून चालले. शेवटी वेल्डरने विचारलं, "मॅडम, कोण्या हातानं फिरवू?"

"कोणत्या हातानं म्हणजे? स्क्रीनवर आहे तसाच फिरव. एक अंश इकडे नको की तिकडे नको."

"नाही, मी म्हटलं, एकदा इचारून घ्यावं."

"विचारायचं काय त्यात? गणित आहे ते."

"हो मॅडम," तो म्हणाला आणि त्याने हात मागे बांधले.

आठ दिवसांनी जिना तयार झाला. आमच्याकडे नवीन वस्तू, मग ती पंप असो की मोटरसायकल, हळद-कुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय घरी येत नाही. म्हणून सासूबाईंना ऑटोत बसवून दुकानावर नेलं. जिना अंगणात उभा होता, वरून साखळीने धरलेला, हिरवा रंग ताजा. त्यांनी पहिल्या पायरीला कुंकू लावलं, हात जोडले. वेल्डरने नारळ फोडला, पाणी पायरीवर शिंपडलं, सगळ्यांना खोबरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, दोन पायऱ्या चढून पाह्यतो. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, पाय उचलला, डावीकडच्या खांबाकडे पाहिलं आणि उचललेला पाय परत खाली ठेवला.

"हे उलटं हाये," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी बोटाने हवेत जिना फिरवून दाखवला आणि माझ्या तोंडातलं खोबरं तसंच राहिलं. आपण देवाला फेरी घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. होळीलाही तसंच, तुळशीलाही तसंच. सासूबाई तर जात्यावरून उठल्या तरी त्याच अंगाने वळतात. आणि माझ्या जिन्यावर चढताना मधला खांब डाव्या हाताला येत होता. गणितात कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट मोजतात. असं का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून तसं चालत आलं आहे, म्हणून तसं चालतं. साइनच्या आधी एक वजाचं चिन्ह टाकलं असतं तर जिना सुलटा झाला असता. मी ते टाकलं नव्हतं. पडद्यावर हवा तसा फिरवून पाहिला होता, पण त्यावर चढून जाणाऱ्या बाईचा हात कुठे येईल, हे काही पाहिलं नव्हतं.

"उलटे फेरे कायचे असतात, माहीत हाये ना तुले?" सासूबाई म्हणाल्या. मला माहीत होतं. उलटे फेरे मेलेल्या माणसाला घालतात.

मी वेल्डरकडे वळले. "तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"माहा भाऊ तेच म्हणून राह्यला होता मॅडम, जिना उलटा हाये म्हणून. पण तुमचं उत्तर चुकलं म्हणायची आपली हिंमत अकरावीपासून नाही झाली."

मी एक प्रयत्न करून पाहिला. "आई, उतरताना मात्र खांब उजवीकडेच येतो. उतरताना अगदी सुलटा आहे."

"पण चढल्याबिगर उतरू कशी?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात नवऱ्याला त्याचा दोन मिनिटांचा उपाय सुचला. "सोपं हाये. वरचं खाली अन् खालचं वर करा. उलटा जिना उलटा केला का सुलटा होते."

होत नाही. स्क्रू डोक्यावर उभा केला तरी त्याचे आटे ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूला राहतात. मी सांगितलं. कोणाला पटलं नाही. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर उलटा धरला. नवरा, वेल्डर, त्याचा भाऊ आणि ऑटोवाला, चौघांनी माना वाकड्या करून पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर शंका. "काँप्युटरमंधलं वेगळं असते वहिनी," ऑटोवाला म्हणाला. या माणसाचा जिन्याशी काय संबंध होता, हे मी आजही विचारते.

मग अर्धा तास ते चौघं जिना उलटा करत होते. साखळी सोडली, जिना आडवा पाडला, पुन्हा साखळी दुसऱ्या टोकाला बांधली, ओढला, दोनदा अडकला, एकदा नवऱ्याची चप्पल त्याच्याखाली गेली. शेवटी पंधराही पायऱ्या पोट वर करून जिना उभा राहिला. ऑटोवाल्याने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. वेल्डरने हवेत बोट फिरवलं, परत फिरवलं.

"तसाच हाये," तो म्हणाला.

मी एकटी बरोबर होते. आयुष्यात एखादा सिद्धांत इतक्या जणांनी घाम गाळून सिद्ध केल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण कोणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सगळे चपलेकडे पाहत होते.

"काप तो," मी वेल्डरला म्हणाले. "सगळ्या पायऱ्या काप आणि दुसऱ्या बाजूनं लाव. चूक माझी आहे." त्याने कटर उचललं, आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब."

"आता काय झालं आई?"

"नारळ फुटला. पूजा झालेल्या वस्तूवर कटर नाही चालत."

म्हणजे चढायचं नाही आणि कापायचंही नाही. जिना परत पायांवर उभा झाला, ट्रॉलीतून घरी आला, खाली सिमेंटमध्ये बसला, वर स्लॅबला जोडला गेला, आणि तसाच राहिला. पुढच्या पंधरवड्यात त्याच्यावर नवऱ्याचे मोजे वाळले, सातव्या पायरीवर शेजारच्या मांजरीने मुक्काम केला, कठड्यावर दोडक्याचा वेल जावा असं कोणीतरी सुचवलं. सासूबाई मागच्या दारात जायच्या, वर बघायच्या आणि परत यायच्या. मला मनापासून लाज वाटत होती. चूक काय आहे ते कळत होतं, ती कशी सुधारायची तेही कळत होतं, आणि तरी त्या बाईला मी वर नेऊ शकत नव्हते. कॉलेजात त्या दिवसांत मी नेहमीपेक्षा जास्त मुलांवर ओरडले.

रविवारी दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. सासूबाई आल्या, समोर खुर्ची ओढून बसल्या. पेपरचा गठ्ठा त्यांनी थोडा बाजूला सारला.

"मले एक सांग," त्या म्हणाल्या. "त्या जिन्यानं वर गेलं तं किती फेरे होतात?"

लाल पेन माझ्या हातातच राहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला गणिताचा प्रश्न होता.

"सव्वा," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं, आई. चारशे पन्नास अंश. एक पूर्ण आणि एक पाव."

"सव्वा," त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. प्रसाद सव्वा किलोचा करतात, दक्षिणा सव्वाची ठेवतात. हा आकडा त्यांच्या ओळखीचा निघाला. "मंग वर गेल्यावर मी सव्वा फेरा सुलटा मारला तं? उलटं झालेलं उकलते का नाही?"

मला हसू आलं नाही. कारण उत्तर बरोबर होतं. मी लॅपटॉप आणला. जिन्याच्या वरच्या टोकापासून पुढे एक गोल काढला, तिथे उंची कायम ठेवली आणि या वेळी वजाचं चिन्ह न विसरता टाकलं. ठिपका जिन्याने गोल फिरत वर चढला, वर पोचला, थांबला, मग उलट दिशेने एक पूर्ण आणि एक पाव फिरला. शेवटी एकूण फिरणं शून्य.

"हा ठिपका म्हणजे मी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरा हाये. गुडघे नाही त्याले." त्यांनी तो आणखी दोनदा चढवून घेतला. मग एकदम सरळ बसल्या. "अन् उतरतानी सुलटाच हाये म्हणत होती तू. तो सव्वा तं वरच्यावर मिळाला."

"तो फायद्यात," मी म्हणाले.

स्लॅबवर पाण्याची काळी टाकी आहे. मी वर जाऊन खडूने तिच्यापाशी दोन खुणा केल्या, एक सुरुवातीची आणि एक पाव फेऱ्याची, कारण एक पूर्ण कोणालाही कळतो पण पाव कुठे संपतो हे त्यांना पक्कं हवं होतं. मग खाली आले. त्यांनी पदर खोचला, उजव्या हाताने कठडा धरला आणि पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मी मागे, दोन पायऱ्या खाली, हात पुढे करून. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून त्या थांबत होत्या. सातव्या पायरीवरच्या मांजरीला त्यांनी शिवी दिली आणि ती गेली. दहाव्या पायरीवर इतका वेळ थांबल्या की मी घाबरले, परत फिरू या का, असं विचारणार होते. पण त्या नुसत्या वर बघत होत्या. पंधरावी पायरी चढून त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"सुरू कुठून करायचं?" त्यांनी विचारलं. मी खडूची खूण दाखवली. टाकीवर उजवा हात ठेवून त्या चालू लागल्या.

चाहूल लागून शेजारीण तिच्या स्लॅबवर आली. दोन वर्षांनी समोरच्या स्लॅबवर मैत्रीण बघून तिचा हात तोंडावर गेला, डोळे भरले. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की मैत्रीण तिच्याकडे न बघता गोल गोल फिरतेय.

"टाकीले काहून फेऱ्या मारून राह्यली वं?" तिने विचारलं.

सासूबाई थांबल्या नाहीत. पूर्ण फेरा झाला, मग पाव, दुसऱ्या खुणेवर त्यांनी दोन्ही पाय नीट जुळवले. दम घेतला. मग त्या कडेपाशी गेल्या.

"गणित हाये ते," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेनं काढलं. तुले नाही समजायचं."